केनवडहून पेडगावला

"चार-आठ रोज जाऊ दे शालिग्राम. काका सोता होऊन माह्यं वावर ओकतेत का नाई, ते पाय."

इंद्रभान हे बोलला तेव्हा तो शालिग्राम शिंप्याच्या ओसरीवर दोन्ही हात पसरून उभा होता आणि शालिग्राम त्याच्या छातीला टेप लावून राजपुत्राच्या अंगरख्याचं माप घेत होता. माप घेताना माणूस छाती फुगवतोच, पण इंद्रभानची त्या दिवशी जरा जास्तच फुगली होती. शालिग्रामनं टेप सोडून दिली आणि म्हणाला, "आंदी शास सोड. असा फुगून रायशीन त अंगरखा ढगळा होईन."

गोष्ट सन तीसच्या आसपासची. केनवडच्या माघातल्या यात्रेत दरसाल नाटक होई आणि ते बसवायचं काम शालिग्रामकडे असे, कारण गावात पडदे त्यालाच शिवता येत. त्या साली त्यानं अकोल्याहून एक जुनं पुस्तक आणलं होतं. पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे नाटकाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्याशा दूरदेशीचा राजपुत्र. बाप मेलेला, काका गादीवर बसलेला. काकाच्या पोटातलं खरं बाहेर काढायला राजपुत्र वेडाचं सोंग घेतो आणि शेवटी जवळजवळ सगळी मंडळी रंगभूमीवरच मरून पडतात. गावानं त्याला 'येड्या राजपुत्राचं नाटक' असं नाव देऊन टाकलं.

राजपुत्राचं काम इंद्रभानला मिळालं. तो चौथीपर्यंत शिकलेला, उंच, सडपातळ आणि पाठांतराला पक्का. दुष्ट काकाचं काम जगदेवला, म्हणजे इंद्रभानच्या सख्ख्या चुलतभावाला. जगदेवला अभिनय येत नव्हता, पण त्याचा आवाज गावाबाहेरच्या बैलांना वळवू शकेल असा होता.

आता वावराचं. इंद्रभानचा बाप उकंडराव ऐन तरुणपणात वाशीमला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला राहिला. सरकीचा धुरळा छातीत घेऊन खोकत खोकत परत आला, पण येताना नाल्यापलीकडचं काळंभोर वावर घेऊन आला. ते घेतलं थोरल्या भावाच्या, म्हणजे जगदेवच्या बापाच्या, दौलतरावांच्या नावावर, कारण घरचा रिवाजच तसा होता. मरताना तो बायकोला म्हणाला, "भाऊ देईन." त्यानंतर इंद्रभाननं जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा दौलतराव म्हणाले, "पाहू." दौलतरावांचं 'पाहू' म्हणजे चिखलात बसलेला म्हातारा बैल. शेपटी पिरगाळा, टोचा, आरडाओरडा करा, तो उठायचा नाही. त्या व्यवहाराला साक्षी असलेली माणसं दोनच. एक मेला होता आणि दुसरा 'पाहू' म्हणत होता.

अशात हे नाटक हातात पडलं आणि इंद्रभानच्या डोक्यात उजेड पडला. येड्यासमोर कोण जीभ आवरतं? लोक कुत्र्यासमोर बोलतात, भिंतीसमोर बोलतात, तसे येड्यासमोरही बोलतात. काका एकदा बोलले की झालं.

"वेड पांघरून पेडगावला जाची म्हन आयकली असशीन," शालिग्राम म्हणाला. "जानारे लय आयकले. वापस आलेला मले एकही ठाऊक नाई."

"राजपुत्राचं जमलं ना पुस्तकात?"

"तू पुस्तक शेवटवरी वाचलं का?"

इंद्रभाननं वाचलं नव्हतं. त्यानं फक्त आपली भाषणं उतरवून घेतली होती, आणि स्वतः मरण्याचं भाषण अजून पाठ व्हायचं होतं.

*

पहिल्या दिवशी तो सकाळी विहिरीवर गेला आणि पाणी भरणाऱ्या बायांसमोर हात वर करून म्हणाला, "हे जलकन्यांनो, या विहिरीच्या तळाशी माझ्या पित्याचा आवाज कोंडला आहे."

बाया थांबल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "तालीम चालू दिसते." तिसरीनं घागर डोक्यावर चढवता चढवता सांगितलं, "भाऊ, आवाज जरा मोठा काढा. मांडवात मांगच्या लोकाइले आयकू नाई येनार."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला फेटा बैलाच्या शिंगांना बांधला, बैलाची घंटा आपल्या गळ्यात घातली आणि गावातून फिरून आला. पोरंटोरं मागे धावली, म्हातारे हसले आणि पारावर एकमत झालं की यंदाचं नाटक लय रंगणार. इंद्रभान घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. वेड लागलेलं लोकांना पटवणं इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग त्याला शेतकऱ्याचं वेड सुचलं. शेवटची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बाया दुपारी भाकर खायला झाडाखाली बसल्या असताना इंद्रभाननं कापसाचं गाठोडं सोडलं आणि वेचलेला कापूस एकेक पुंजका करून परत पऱ्हाटीच्या रिकाम्या बोंडांत भरायला लागला. अगदी मन लावून, हळुवार, जणू पिलाला घरट्यात ठेवतोय. बायांच्या हातातले घास तसेच राहिले. कोणी हसलं नाही. एका म्हातारीनं भाकर बाजूला ठेवली आणि पदर डोळ्याला लावला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. उकंडरावचं पोरगं कामातून गेलं.

हे सोंग आहे हे ठाऊक होतं फक्त शालिग्रामला. मायला आणि बायकोला इंद्रभाननं सांगितलं नव्हतं. पुस्तकातला राजपुत्रही घरच्यांना सांगत नाही, हे एक कारण. दुसरं कारण जरा वाईट होतं. घरच्या बायांचे डोळे कोरडे राहिले असते, तर काकांना संशय आला असता. त्यांच्या रडण्याची इंद्रभानला गरज होती.

आणि त्या रडल्या. माय प्रयागबाईनं पहिल्या रात्री देवाला नवस बोलला, दुसऱ्या दिवशी वैदू आणला. वैदूनं इंद्रभानला गोठ्यातल्या खांबाला बांधलं, नाकात कांद्याचा रस पिळला आणि खाली निखाऱ्यावर लाल मिरच्यांची धुरी दिली. इंद्रभान शिंकला, खोकला, रडला, ओरडला. वैदू समाधानानं म्हणाला, "आता उतरून राह्यलं." त्यानं पुढच्या मिरच्या टाकल्या. घरातली वर्षाची मिरची संपली तेव्हा कुठं वैदू थांबला, आणि पोराला गोठ्यातच बांधून ठेवा असं सांगून गेला.

इतकं झालं तरी दौलतराव आले नाहीत. दारावरून जाताना "कसा आहे पोरगा?" एवढं विचारत आणि पुढं जात. इंद्रभान मनात म्हणे, येतील. आणखी थोडं लावून धरायला पाहिजे.

*

त्याची बायको विजयमाला मेडशीची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बोलायला कमी, पण एकदा बघितलं की समजून घेणारी. एका दुपारी सासू देवळात गेलेली पाहून ती गोठ्यात आली. ताट खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"एक इचारू?" ती हळू आवाजात म्हणाली. "हे सोंग आहे ना?"

इंद्रभान ताटातली भाकर कुस्करत बसला.

"मले एकटीले सांगा. मी कोनाले नाई सांगत. मायलेही नाई. तुमचे डोळे येड्याचे नाईत, मी पायते ना रोज. नुसती मान हालवा. मंग तुमाले लागन तेवढं मी रडीन."

इंद्रभानची मान जवळजवळ हललीच होती. पण नाटकात असाच एक प्रवेश होता. राजपुत्राची लाडकी त्याला विचारायला येते, पडद्यामागे कोणीतरी कान लावून बसलेलं असतं आणि राजपुत्र तिला हिडीसफिडीस करून घालवतो. इंद्रभाननं गोठ्याच्या कुडाकडे पाहिलं. कुडामागे कुणी असेल काय? कुडामागे एक खुडूक कोंबडी होती. पण त्याचं ते भाषण पाठ होतं आणि पाठ केलेलं भाषण तोंडात आलं की थांबत नाही.

"तू कोण, स्त्रिये?" तो म्हणाला. "मी तुला ओळखत नाही. जा, एखाद्या देवळात जाऊन बस. मला बायको नाही."

 विजयमालानं ताट उचललं, कारण ते तिच्या माहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी मेडशीहून तिचा भाऊ दमणी घेऊन आला. प्रयागबाई दारात उभी राहून म्हणाली, "माय, जाय. मी तुले अडवत नाई. येड्याच्या घरी कोनाची लेक मी बांधून ठेवू?" दमणीची चाकं वाजली तेव्हा इंद्रभान खांबाला टेकून उभा होता. दोरी सैलच बांधलेली होती. एक हिसका दिला असता तर सुटली असती. मग तो धावत जाऊन बैलांच्या आडवा पडू शकला असता. पण त्याच वेळी त्याला नाल्याच्या बाजूनं दौलतराव येताना दिसले, थेट घराकडे. तो जागचा हलला नाही.

दौलतराव मात्र दारातून मेडशीच्या पाहुण्याला रामराम करून परत गेले.

*

ते आले आणखी काही दिवसांनी, उन्हं कलायच्या आधी. प्रयागबाई शेजारी दळायला गेली होती. दौलतराव गव्हाणीच्या कडेवर बसले, तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली आणि पुतण्याकडे पाहत बसले. इंद्रभान तोंडातून लाळ काढत, मान वाकडी करून, श्वास रोखून बसला होता.

"तुह्या बापासारकाच बसतं तू," दौलतराव अखेर म्हणाले. "तोही असाच मान वाकडी करे."

इंद्रभाननं लाळ आणखी थोडी सोडली.

"वावर त्याचंच, बाप्पा. मले का ठाऊक नाई? अर्धा जीव जिनिंगमधी टाकून घेतलं त्यानं ते. घेतलं त्या दिवशी आमी दोघं बांधावर बसलो होतो. म्हने, भाऊ, माह्यं पोट्टं मोठं झालं का देजो. म्या म्हनलं, देतो." दौलतरावांनी थुंकी टाकली. "देनारच होतो. पन दरसाली त्या वावरात जो कापूस पिके ना, तो पायला का माह्या तोंडून शबद नाई निंघे. पुढच्या साली देऊ म्हनो. मंग पुढच्या. आता तुले देऊन का कराव? तू त कापूस बोंडात भरून राह्यला." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "देवानंच सोडवलं मले यातून."

इंद्रभान ताडकन उठला. दोरी गळून पडली. तोंड पुसून तो शांतपणे म्हणाला, "काका, मी येडा नाई. मी कधीच येडा नवतो. सगळं आयकलं म्या. आता चाला पंचाइसमोर."

दौलतराव दचकले नाहीत असं नाही. चांगलेच दचकले. तंबाखू घशात गेली, ठसका लागला. इंद्रभाननं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत दौलतरावांचा चेहरा पुन्हा जागेवर आला होता. त्यांनी पुतण्याला वरून खाली न्याहाळलं. वाढलेली दाढी, केसांत शेण, अंगावर दोरीचे वळ.

"तू आयकलं," ते म्हणाले. "बरं. आजून कोनी आयकलं?"

इंद्रभाननं कुडाकडे पाहिलं.

"मंग कोनाले सांगशीन, लेका?" दौलतरावांनी हे रागानं विचारलं नाही. त्यांना खरोखरच प्रश्न पडला असावा. मग ते उठले, गोठ्याच्या दारात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "शेजारी कोनी आहे का? प्रयागबाईले बलवा. पोरगं दोरी तोडून उठलं. म्हनते, मी येडा नाई."

*

शहाणपण सिद्ध करणं वेड सिद्ध करण्याहून अवघड असतं, हे इंद्रभानला पुढच्या चार दिवसांत कळलं. तो न्हाला, दाढी केली, स्वच्छ धोतर नेसून पारावर गेला आणि पंचांना रामराम घालून म्हणाला, "मी शहाना आहे."

"बरं झालं," पंच म्हणाले, आणि सगळे थोडे मागे सरकले.

त्यानं सगळं सांगितलं. सोंग, गोठा, काकांचं बोलणं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, कारण ऐकणारे मान हलवत होते. पण ती मान लहान मुलाची गोष्ट ऐकताना हलवतात तशी होती. दौलतराव बाजूला बसून जमिनीकडे पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "मी त त्याले पाहाले गेलतो."

इंद्रभाननं शालिग्रामला बोलावून आणलं. शालिग्राम सरळ माणूस. आला आणि म्हणाला, "खरं आहे. नाटकात राजपुत्र जसं करते, तसं यानं केलं. मले पयलेच सांगितलं होतं त्यानं."

त्यावर मागच्या बायांच्या घोळक्यातून, थोरल्या दिरासमोर आयुष्यात कधी आवाज न काढलेली प्रयागबाई बाहेर आली. पदर डोक्यावर ओढून ती शालिग्रामपुढे उभी राहिली. "म्हंजे तुयाच पुस्तकानं माह्या पोराचं डोस्कं फिरवलं? चांगलं कमावून खात होतं माह्यं लेकरू. राजपुत्र केलं त्याले, अन् आता तो सोताले राजपुत्र समजून काकाले गुन्हेगार म्हनते. दौलतरावभाऊ नसते त आज आमच्या चुलीले कोनी पायलं असतं?"

"माय, तुले सांगतो ना, मी..."

"तू बस, बाबू. तुले मी काई नाई म्हनत." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हातासरशी इंद्रभान खाली बसला. तिला रडवणारा तोच होता, आणि ती त्याच्यावर रागावत नव्हती.

मग तिनंच पंचांना सांगितलं की पोरगा नीट होईपर्यंत वावराचं नाव घरात काढू नये, दौलतरावांनीच सगळं पाहावं. पंचांना हे फार शहाणपणाचं वाटलं. दौलतरावांनी मान खाली घालूनच होकार दिला. आजवर जे वावर ते नुसतं दाबून बसले होते, ते आता गावानं आणि भावजयीनं त्यांच्या हातात आग्रहानं दिलं.

*

तरी यात्रा आली. शालिग्रामनं नाटक रद्द करायचं ठरवलं होतं, पण खरा येडा येड्याचं काम करणार अशी बातमी रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत पसरली होती आणि माणसं गाड्या जुंपून निघाली होती. वैदूचंही मत पडलं की डोक्यातलं साचलेलं बाहेर पडू द्यावं. मागच्या साली बत्तीनं पडदा पेटला होता, म्हणून नाटक दुपारी, मांडवात, उघड्या उजेडात ठेवलं.

इंद्रभाननं एकही हरकत घेतली नाही. त्याला पुस्तकातला दुसरा डाव आठवला होता. राजपुत्र दरबारात काकाच्याच पापाचं नाटक करून दाखवतो आणि ते पाहून काका भरसभेतून उठतो. दौलतराव पहिल्या रांगेत बसणार होते. सगळं केनवड मांडवात असणार होतं. याहून मोठी पंचायत कोणती?

तो प्रवेश आला. समोर सिंहासनावर कागदी मुकुट घातलेला जगदेव. इंद्रभान मध्यभागी आला. पुस्तकातलं वाक्य होतं, 'ऐका हो सभाजन, एका पित्याची कहाणी.' तेवढं त्यानं म्हटलं आणि मग अंगरखा सोडून टाकल्यासारखी पुस्तकी भाषा टाकून दिली.

"माह्या बापाचं नाव उकंडराव," तो म्हणाला. "वाशीमच्या जिनिंगमधी त्यानं आपली छाती जाळली अन् नाल्यापलीकडचं वावर घेतलं. भावाच्या नावावर घेतलं, कारन भाऊ म्हंजे देव. बांधावर बसून सांगितलं, पोट्टं मोठं झालं का देजो. देवानं म्हनलं, देतो. तो देव अथी पयल्या रांगेत बसून आहे. इचारा त्याले, त्या दिवशी गोठ्यात त्याच्या डोळ्यात पानी काहून आलं?"

बोलता बोलता विजयमालाची दमणी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. पुढचं तो काय बोलला ते त्याचं त्यालाही आठवत नाही.  जगदेव आपलं पुढचं वाक्य विसरून तोंड उघडं टाकून बसला होता.

आणि मग टाळ्या पडल्या. आधी मागून, मग मधून, मग सगळीकडून. अशा टाळ्या केनवडच्या मांडवानं कधी ऐकल्या नव्हत्या. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. रिसोडची मंडळी उभी राहून "वन्स मोअर" ओरडत होती. कुणीतरी म्हणालं, "आपल्याच गावाचं नाव घालून केलं बाप्पा, काय डोस्कं आहे." विहिरीवरची ती बाई शेजारणीला सांगत होती की आता आवाज मागपर्यंत आला.

"हे नाटक नाई," इंद्रभान ओरडला. टाळ्या आणखी वाढल्या.

तेवढ्यात दौलतराव उठले.  पुस्तकातला काका इथंच उठून पळतो. दौलतराव पळाले नाहीत. ते हळूहळू पायऱ्या चढून वर आले, डोक्यावरचा फेटा उतरवला आणि भरसभेत पुतण्याच्या डोक्याला गुंडाळला. मग त्याला पोटाशी धरलं. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी.

त्या गोंगाटात दौलतराव त्याच्या कानाशी बोलले. "सून मेडशीले आहे. उद्या पारावर मी सोता सांगतो का पोरगं बरं झालं. माह्या शबदानं सारं गाव मानीन. जाऊन घेऊन ये तिले. फक्त वावराचं तोंडातून काढू नको." त्यांनी फेट्याचं टोक नीट खोचलं. "नाई त रायशीन असाच. टाळ्या वाजवतीन लोकं, जलमभर."

इंद्रभाननं समोर पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे कौतुकानं पाहत होतं. तो खाली वाकला आणि काकांच्या पाया पडला.

शेवटच्या अंकात राजपुत्र मरतो. ते काम त्यानं इतकं झकास केलं की लोक अजून सांगतात.

*

दौलतराव शब्दाला जागले. दुसऱ्याच दिवशी इंद्रभान शहाणा झाला. ज्या पंचांनी त्याचं ऐकलं नव्हतं त्यांनी दौलतरावांचं एका वाक्यात ऐकलं. तो मेडशीला गेला. सासऱ्याच्या ओसरीवर बसून त्यानं विजयमालाला सगळं खरं सांगितलं, कोंबडीसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्या इचारलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"नुसती मान हालवाची होती."

ती परत आली. संसार झाला, दोन लेकरं झाली. ती त्याला पुन्हा कधी टोचून बोलली नाही. पण त्यानंतर ती त्याला 'खरं का?' असंही कधी विचारत नसे. तो काही सांगे तेव्हा ती हातातलं काम करत राही आणि म्हणे, "बरं." इंद्रभान तेच नाल्यापलीकडचं वावर काकांकडून बटईनं करू लागला. पिकलेला अर्धा कापूस दरसाल काकांच्या घरी पोचवू लागला. लग्नाकार्यात लोक त्याला गाठून म्हणत, "इंद्रभानभाऊ, ते येड्याचं थोडं करून दाखवा ना."

पंधरा-सोळा वर्षं गेली. प्रयागबाई गेली, शालिग्रामचे डोळे गेले. दौलतराव फार म्हातारे झाले आणि त्यांचं डोकं खरोखरच चालेनासं झालं. जेवले की नाही आठवेना. जगदेवला ते मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागले. आणि एका सकाळी ते काठी टेकत पारावर आले, भरल्या पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "आयका बाप्पा. नाल्यापलीकडचं वावर माह्यं नाई. उकंडरावचं आहे. इंद्रभानले देऊन टाका."

मग रोज. रोज सकाळी तेच. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून सांगत. पारावरचे लोक समजुतीनं म्हणत, "हो काका, देऊ. बसा."

इंद्रभान ऐकायला गेला. काकांनी त्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण त्याचा हात घट्ट धरून तेच सांगितलं, शब्दन्‌ शब्द बरोबर, बांधावरच्या बोलण्यासकट. जगदेव म्हाताऱ्याला घरी न्यायला आला होता. भला माणूस. तो संकोचून म्हणाला, "भाऊ, मनाले लावून घेऊ नको. बाबाचं डोस्कं गेलं. काहीबाही बोलून रायतेत."

"जगदेव," इंद्रभान म्हणाला, "अन् ते खरं बोलत असतीन त?"

जगदेवनं त्याच्याकडे पाहिलं.  मग एका हातानं बापाला धरलं, दुसरा हात मायेनं इंद्रभानच्या खांद्यावर ठेवला आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "भाऊ, उन्हात नको फिरू तू. चाल, मी तुलेही घरी सोडून देतो."